चित्र जागेवरच आहे, मग हललं कोण?

तुमच्याकडेही ते चित्र कधी ना कधी फॉरवर्ड होऊन आलं असेलच. रंगीत नक्षी, आणि खाली मजकूर की हे एका जपानी न्यूरॉलॉजिस्टने बनवलंय, चित्र स्थिर दिसलं तर तुम्ही शांत आहात, थोडं हललं तर थोडा ताण आहे आणि गरगर फिरायला लागलं तर तुमचं काही खरं नाही. मी बघितलं तेव्हा ते मस्त गरगरत होतं. पाच मिनिटं खरंच वाटलं की उद्या सुट्टी टाकावी.

मग जरा शोधाशोध केली तर कळलं की ते चित्र युरी पेरेपादिया नावाच्या युक्रेनियन कलाकाराने २०१६ मध्ये कॉम्प्युटरवर बनवलेलं, २०१८ मध्ये ते या खोट्या मजकुरासकट जगभर फिरलं, जपानी डॉक्टर वगैरे कुणी नव्हताच आणि ताणाचा तर काही संबंधच नाही. हे त्या कलाकाराने स्वतःच जाहीर सांगितलं. पण थाप उघडी पडली तरी मूळ प्रश्न तसाच राहतो ना. स्क्रीनवरचा एकही पिक्सेल बदलत नाहीये, प्रिंट काढून भिंतीवर लावलं तरी तेच, आणि तरी ते फिरतंय. कसं काय?

बरं हे त्या एका चित्रापुरतंही नाही. तिरकं केलं की डोळा मारणारं प्लास्टिकचं कार्ड आठवून बघा. अमेरिकेच्या १०० डॉलरच्या नोटेवरच्या निळ्या पट्टीत सरकणाऱ्या घंटा असतात. आणि आता तर कागदावर छापलेलं चित्र प्रोजेक्टरच्या उजेडात श्वास घेतल्यासारखं हलवून दाखवतात. सगळीकडे वस्तू सपाट, छापलेली, जागच्या जागी. मला या सगळ्यावर एकच प्रश्न विचारायची सवय लागलीय आणि तो विचारला की निम्मी जादू तिथेच सुटते. चित्र नाही हललं, मग हललं कोण? कारण कुणीतरी हललेलं असतंच. कधी तुमचा डोळा, कधी तुमचं डोकं किंवा हात, कधी उजेड. सपाट पृष्ठभाग फक्त त्या हलण्याचं श्रेय लाटतो.

आधी हे बघू की मेंदूला हालचाल कळते कशी

डोळ्याच्या आतल्या पडद्यावर शेजारी शेजारी दोन जागा धरा, डावी आणि उजवी. एखादा ठिपका डावीकडून उजवीकडे गेला तर आधी डावी जागा ओरडणार, मग उजवी. मेंदू काय करतो, डावीची हाक थोडी उशिराने पुढे पाठवतो. म्हणजे ठिपका योग्य वेगाने सरकला असेल तर उशीर केलेली डावीची हाक आणि ताजी उजवीची हाक एकाच क्षणी पोचतात. दोन्ही एकदम आल्या की निष्कर्ष: काहीतरी उजवीकडे गेलं. ही कल्पना १९५६ मध्ये हासेनश्टाइन आणि राइशार्ट या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी मांडली, तीही एका भुंग्यावर प्रयोग करून, आणि माणसाच्या बाबतीतही ढोबळमानाने असंच काहीतरी चालतं असं मानतात.

आता यातली गोम बघा. या व्यवस्थेला वस्तू सरकली की नाही हे कळतच नाही. तिला फक्त एवढं कळतं की इथे उजेड बदलला आणि मग ठराविक वेळाने शेजारी बदलला. म्हणून तर ओळीने लावलेले बल्ब एकामागून एक पेटवले की उजेड धावतोय असं वाटतं, बल्ब काही धावत नसतात. माक्स वेर्टहाइमरने १९१२ मध्ये हे नीट तपासलं होतं, दोन रेषा आळीपाळीने दाखवायच्या, मध्ये साधारण ६० मिलिसेकंदांचं अंतर ठेवायचं, की लोकांना एकच रेषा इकडून तिकडे जाताना दिसते. सिनेमा याच उधारीवर चालतो.

दुसरी गोम जास्त महत्त्वाची आहे आणि पुढे सारखी लागणार आहे. हालचाल ओळखणारी यंत्रणा मुख्यतः उजळपणावर चालते. उजळपणा म्हणजे रंग बाजूला ठेवून एखादी जागा किती फिकी किंवा किती गडद दिसते ते, रंगीत फोटो ब्लॅक अँड व्हाइट केल्यावर जे उरतं ते. रंगाच्या बाबतीत ही यंत्रणा बऱ्यापैकी ढ आहे. रामचंद्रन आणि ग्रेगरी यांनी १९७८ मध्ये लाल-हिरव्या ठिपक्यांची नक्षी घेऊन दोन्ही रंगांचा उजळपणा अगदी सारखा केला, तर रंग स्वच्छ दिसत असूनही ठिपक्यांची हालचाल लोकांना दिसेनाशी झाली. म्हणजे रंग दिसतो एकीकडे, हालचाल दिसते दुसरीकडे, आणि दोघांची जुळवाजुळव मागाहून होते. फसवायचं असेल तर फट इथेच आहे.

डोळा हलतो तेव्हा

फॉरवर्डमधल्या चित्राचे वाडवडील बघायचे असतील तर जपानच्या रित्सुमेइकान विद्यापीठातले आकियोशी किताओका यांचं २००३ चं फिरत्या सापांचं चित्र बघा. वेटोळी घातलेले रंगीत साप, आणि तुम्ही एकाकडे बघता तेव्हा बाकीचे फिरत असतात. ज्याच्याकडे बघाल तो गप्प बसतो, हे मला अजूनही गंमतशीर वाटतं, वर्गात शिक्षकांनी मान वळवली की त्या बाकावरची पोरं शांत होतात तसं. या प्रकारचा भास पहिल्यांदा नोंदवला फ्रेझर आणि विलकॉक्स यांनी, १९७९ मध्ये, किताओकांनी तो इतका तिखट केला की दुर्लक्ष करणं अशक्य झालं.

मसाला साधाच आहे. चार छटांचा क्रम: काळा, गडद, पांढरा, फिका, आणि पुन्हा काळा. गडदच्या जागी निळा आणि फिक्याच्या जागी पिवळा घातला तरी चालतं, कारण शेवटी मोजला जातो उजळपणा. हा क्रम सगळीकडे एकाच दिशेने पळवायचा. काळं आणि पांढरं हे आजूबाजूपेक्षा खूप वेगळं असतं म्हणून त्यांची खबर मेंदूकडे लवकर पोचते, मधल्या छटांची जरा उशिरा. म्हणजे एकाच वेळी छापलेल्या दोन शेजारच्या जागांची हाक वेगवेगळ्या वेळी पोचली. आणि वर बघितलं ना, आधी इथे मग शेजारी, याचा मेंदूसाठी एकच अर्थ. काळ्याकडून गडदकडे, पांढऱ्याकडून फिक्याकडे, सगळं त्याच दिशेला सरकताना दिसतं. २००५ मध्ये कॉनवे आणि सहकाऱ्यांनी, ज्यात किताओका स्वतःही होते, चेतापेशींची नोंद घेऊन हीच बाजू मांडली.

"पण मी तर नजर रोखून बघत होतो"

नाही हो, कुणाचीच नजर रोखलेली नसते. आपण एका बिंदूकडे टक लावतो तेव्हाही डोळे सेकंदाला एखाद-दोनदा बारीकसा झटका घेतात आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. ते गरजेचंही आहे, कारण डोळ्याच्या पडद्यावर चित्र खरंच अगदी स्थिर ठेवलं, खास उपकरणं लावून तसं करून बघितलेलं आहे, तर काही सेकंदांत ते चित्र विरून जातं, दिसेनासंच होतं. आपली नजर बदलावर जगते, बदल नाही तर काही नाही.

२०१२ मध्ये ओतेरो-मियान, मॅकनिक आणि मार्तिनेस-कोंदे यांनी लोकांना साप दाखवून बटण दाबायला लावलं, फिरायला लागले की दाबा, थांबले की सोडा, आणि सोबत डोळ्यांची हालचाल मोजली. फिरणं सुरू होण्याच्या जरा आधी बारीक झटके आणि पापण्यांची उघडझाप वाढलेली सापडली. म्हणजे हललं कोण? डोळा. दर झटक्याला चित्र पडद्यावर ताजं उमटतं, पुन्हा काळ्या-पांढऱ्याची हाक आधी, बाकीची मागाहून, आणि साप पुन्हा पुढे सरकतो.

एकाच ताकदीच्या, एकमेकींना खेटून असलेल्या काळ्या-पांढऱ्या रेषांची चित्रं पण याच कुटुंबातली. ब्रिजेट रायली यांनी साठच्या दशकात तशी मोठमोठी चित्रं रंगवली आणि १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात अशा कलेचं मोठं प्रदर्शनही भरलं. तिथे रंगवलेलं काहीच हलत नव्हतं, हलत होते ते बघणाऱ्यांचे डोळे.

डोकं हलतं तेव्हा: ओरखड्यांची करामत

आता पृष्ठभागाच्या पोताकडे येऊ, ज्याला सगळे टेक्सचर म्हणतात. पोत म्हणजे हाताला किंवा नजरेला जाणवणारी बारीक उंचसखलता. सपाट वस्तूसुद्धा जवळून बघितली तर तितकी सपाट नसते आणि ही सगळी मजा त्या "तितकी" मध्ये आहे.

एक जुनी सीडी घ्या, एकच दिवा चालू ठेवा. सीडीवर मधल्या भोकातून बाहेर जाणारा उजेडाचा एक पट्टा दिसेल. आता सीडी जागच्या जागी फिरवा. पट्टा फिरत नाही! सीडी फिरतेय आणि उजेड तिथेच ढिम्म. आता सीडी टेबलावर ठेवा आणि तुम्ही स्वतः टेबलाभोवती फिरा, लगेच पट्टा सीडीभर फिरायला लागतो. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा अर्धा तास त्यातच गेला, घरच्यांनी विचारलं काय शोधतोयस म्हणून.

कारण असं की सीडीवर बारीक बारीक गोल चऱ्या असतात, प्रत्येक चरी म्हणजे वाकवलेली चकचकीत तार समजा. तारेवर उजेड पडला की सगळी तार चमकत नाही, दिव्याकडून येणारा उजेड तुमच्या डोळ्याकडे उडेल अशी तिची जी एखादी जागा असेल तेवढीच चमकते. हजारो तारांचे ते चमकते बिंदू ओळीने लागले की पट्टा दिसतो. सीडी गोल फिरवली तरी चऱ्यांचा आकार तोच राहतो म्हणून पट्टा तिथेच. तुम्ही हललात की मात्र प्रत्येक तारेवरची "बरोबर" जागा बदलते, बिंदू सरकतो, पट्टा फिरतो. स्टीलच्या झाकणावर गोल घासल्याच्या खुणा असतात तिथेही हेच, आणि घड्याळाच्या तबकडीवर मधून बाहेर किरणांसारखं घासलेलं काम असतं तेही याच तत्त्वावर. कारागीर तिथे रंग भरत नाही, ओरखड्याची दिशा भरतो. एकाच धातूच्या पत्र्यावर एक चौकोन आडवा घासा, शेजारचा उभा, आणि चालत चालत बघा, एक विझतो तेव्हा दुसरा पेटतो. पत्रा एकसारखाच चिकना, पण बुद्धिबळाचा पट उलटसुलट होतोय असं वाटतं.

यावरून पुढे लोकांनी कंपासने प्लास्टिकवर मुद्दाम ओरखडे काढून चित्रं बनवली आहेत. प्रत्येक ओरखडा कमानीसारखा, त्यावर एक चमकता बिंदू, तुम्ही मान हलवली की बिंदू कमानीवरून घसरतो. शेकडो कमानी नीट आखल्या की बिंदूंचा एक ठोकळा तयार होतो आणि तो फिरताना दिसतो, शिवाय दोन डोळ्यांना बिंदू जरा वेगळ्या जागी दिसत असल्याने तो प्लास्टिकच्या आत किंवा बाहेर तरंगतोय असं वाटतं. लेझर नाही, काही नाही, फक्त ओरखडे.

डोळा मारणारं कार्ड

हे सगळ्यांनी हाताळलंय. वरून नखाने खरवडलं की खर्र आवाज येतो, ती खरखर म्हणजे भिंगं. लांबच लांब, अर्धगोल, एकाला एक लागून. बाजारात चालणाऱ्या एका जाडीच्या शीटवर इंचात ७५ भिंगं असतात, म्हणजे एक भिंग साधारण ०.३४ मिलिमीटर रुंद. त्याच्याखाली चित्र छापताना समजा १२ फ्रेम घेतल्या, तर प्रत्येक फ्रेमच्या बारीक चिंध्या करून त्या आलटून पालटून लावतात, पहिल्याची चिंधी, दुसऱ्याची, तिसऱ्याची, असं करत एका भिंगाखाली बाराही. हिशोब केला तर एक चिंधी ०.०२८ मिलिमीटर, माणसाचा केस बहुतेक वेळा याहून जाड असतो. भिंग काय करतं, तुम्ही ज्या कोनातून बघताय त्या कोनाची एकच चिंधी मोठी करून अख्ख्या भिंगाच्या रुंदीभर पसरवतं. कार्ड तिरकं करा, शेजारची चिंधी. सगळ्या भिंगांनी एकदम फ्रेम बदलली की चित्र हललं.

इथे एक बारकावा सांगतो जो बऱ्याच लोकांना माहीत नसतो. हलणारं चित्र हवं असेल तर भिंगं आडवी ठेवतात आणि कार्ड वर-खाली तिरकं करायचं असतं. उभी ठेवली तर डावा डोळा एका कोनात, उजवा दुसऱ्या, म्हणजे दोघांना वेगवेगळ्या फ्रेम दिसतात आणि हालचालीचा चिखल होतो. पण चित्र खोल दिसायला हवं असेल, थ्रीडी, तर नेमकी उभीच लागतात, कारण तिथे दोन डोळ्यांना दोन चित्रं मिळणं हेच काम असतं. वस्तू तीच, ९० अंशात फिरवली की धंदा बदलला.

भिंगांच्या आधी लोक हे नुसत्या काळ्या पट्ट्यांनी करायचे. १८९८ मध्ये लंडनमध्ये मुलांसाठी एक चित्रांचं पुस्तक निघालं होतं, सोबत पट्ट्यांची पारदर्शक शीट, ती चित्रावरून सरकवली की चाकं फिरायची आणि धूर वर जायचा. पट्टी झाकते, फट दाखवते, सरकलं की पुढची फ्रेम. एवढंच.

नोटेतल्या घंटा आणि दोन कंगव्यांचं गणित

८ ऑक्टोबर २०१३ ला अमेरिकेने १०० डॉलरची नवीन नोट चलनात आणली, तिच्या कागदात विणलेली एक निळी पट्टी आहे. त्यात घंटा आणि १०० चे आकडे दिसतात. नोट पुढे-मागे कलवली की घंटा डावी-उजवीकडे सरकतात आणि डावी-उजवीकडे कलवली की वर-खाली. उलटंच! हे बघून मला पहिल्यांदा वाटलं की आत काहीतरी द्रव वगैरे असेल. तसं काही नाही, आत अतिसूक्ष्म भिंगांची जाळी आहे आणि तिच्याखाली तितक्याच सूक्ष्म चित्रांची जाळी.

समजून घ्यायला एक काल्पनिक प्रयोग करू. एका पारदर्शक शीटवर २० मिलिमीटरमध्ये २० रेषा काढल्या. दुसरीवर तेवढ्याच जागेत १९. एकावर एक ठेवल्या की कुठे रेषा रेषेवर बसते तिथे फिकं, कुठे रेषा फटीवर बसते तिथे गडद, असे मोठे पट्टे तयार होतात, दर २० मिलिमीटरला एक. याला मुआरे म्हणतात, पडद्याच्या जाळीच्या दोन थरांमधून बघताना जे पाण्यासारखं हलतं ना, तेच. आता पहिली शीट फक्त १ मिलिमीटर सरकवली. तिच्या रेषा पुन्हा जुन्याच जागी आल्यासारख्या, पण त्या दरम्यान मोठा पट्टा पूर्ण २० मिलिमीटर चालून गेला. तुम्ही १ हललात, भास २० हलला. म्हणजे मुआरे हे हालचालीचं भिंग आहे.

आणि दोन्ही शीटवर सारख्याच रेषा असतील पण एक जराशी तिरकी ठेवली तर पट्टे रेषांना आडवे पडतात, आणि शीट बाजूला सरकवली की पट्टे वर-खाली चालतात. दोन सारखे कंगवे एकावर एक किंचित तिरके धरून बघा, दिसेल. घंटांच्या उलट्या चालीचं गुपित हेच, फक्त एका शीटच्या जागी भिंगं. नोट कलवली की प्रत्येक भिंगाखालचा दिसणारा बिंदू अगदी थोडा सरकतो आणि त्याचा गुणाकार होऊन घंटा धावते. झेरॉक्स काढणाऱ्याला हे का जमत नाही तेही यातच आलं, झेरॉक्स एका कोनातून घेतलेली असते, भिंगं काही तिच्यात उतरत नाहीत.

उजेड हलतो तेव्हा

आता बघणारा पण गप्प, वस्तू पण गप्प. जुन्या काळी दुकानांत जाहिरातीचे बोर्ड असायचे ज्यात धबधबा वाहताना दिसायचा. त्याची एक जुनी तऱ्हा म्हणजे आत बल्ब, बल्बच्या उष्णतेने वर चढणाऱ्या हवेवर फिरणारा पट्ट्यांचा नळकांडा आणि बाहेर रंगवलेलं चित्र. दुसरी तऱ्हा जास्त हुशार, पोलरायझरची. पोलरायझर म्हणजे एकाच दिशेने थरथरणारा उजेड पुढे सोडणारी फिल्म. उभ्या गजांच्या कुंपणातून दोरी ओवून हलवली तर वर-खाली हलणारी लाट पलीकडे जाते, आडवी हलणारी अडते, तसं. चित्राच्या मागे अशा फिल्मचे तुकडे चिकटवायचे, प्रत्येक तुकड्याची दिशा शेजारच्यापेक्षा थोडी फिरवलेली, आणि त्यांच्या मागे एक पोलरायझरची चकती हळूहळू फिरवायची. चकतीची दिशा जुळेल तो तुकडा उजळतो, मग पुढचा, मग पुढचा, आणि पाणी वाहायला लागतं. चित्रात फक्त दिशांचा पोत, डोळ्याला न दिसणारा.

पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही नाही. २०१५ मध्ये जपानच्या एनटीटी कंपनीच्या प्रयोगशाळेत ताकाहिरो कावाबे आणि सहकाऱ्यांनी हेन्गेन्तो नावाचं तंत्र दाखवलं. भिंतीवर साधं छापील रंगीत चित्र. समोरून प्रोजेक्टर, जो फक्त करडा, काळा-पांढरा उजेड टाकतो, रंग नाहीच. आणि चित्र लवचिक होऊन हलायला लागतं, रंगासकट!

कसं, तर चित्राचा एक व्हिडिओ कॉम्प्युटरवर बनवतात ज्यात ते हवं तसं डुलतंय. मग प्रत्येक फ्रेममधून मूळ चित्राचा उजळपणा वजा करतात. उरतो तो फक्त फरक, इथे थोडं उजळ, तिथे थोडं गडद, मुख्यतः कडांच्या आजूबाजूला. प्रोजेक्टर उजेड काढून घेऊ शकत नाही, फक्त घालू शकतो, म्हणून सगळीकडे एक मध्यम उजेड ठेवतात आणि गडद करायचं तिथे तो कमी करतात. हा फरक बरोबर चित्रावर बसवून टाकला की उजळपणाच्या कडा हलतात, रंग मात्र कागदावर जिथल्या तिथे. आणि मघाशी काय म्हटलं, हालचालीची यंत्रणा उजळपणाचं ऐकते. ती सांगते की कड सरकली, रंग बिचारा म्हणतो मी इथेच आहे, मेंदू रंगाला सांगतो तू पण चल. समजा ज्योतीचं चित्र आहे, तर पिवळा रंग एक मिलिमीटरही न हलता ज्योत फडफडते.

रंगाचं असं फरफटत जाणं इतकं भरवशाचं आहे की तुमचे रोजचे व्हिडिओही त्यावर पैसे वाचवतात. बहुतेक व्हिडिओंमध्ये उजळपणा प्रत्येक पिक्सेलचा साठवतात आणि रंग चार पिक्सेलमध्ये मिळून एकच. कुणाच्या लक्षात येत नाही.

"मग हा प्रोजेक्टरचा व्हिडिओच झाला की"

हा आक्षेप मी पण घेतला होता. फरक असा की व्हिडिओ दाखवायला अंधार लागतो आणि पांढरा पडदा लागतो, खालची वस्तू लपवायची असते. इथे खोलीत उजेड चालतो आणि खालची वस्तू हीच भांडवल आहे. म्हणूनच कोऱ्या भिंतीवर हे चालत नाही. जिथे पोत नाही, कडा नाहीत, तिथे हलवायला काही नाही, नुसते करडे डाग दिसतील. आणि फार मोठी हालचालही जमत नाही, रंगाची कड आणि उजळपणाची कड जास्त लांब गेली की मेंदू करार मोडतो आणि आपल्याला सरळ चित्रावर पडलेली सावली दिसते. चेहऱ्यावर हसू आणता येईल, चेहरा भिंतीच्या दुसऱ्या टोकाला नेता येणार नाही.

"म्हणजे आपला मेंदू चुकतो?"

मला हा शब्द पटत नाही. उजळपणाची कड सरकली म्हणजे वस्तू सरकली, हा अंदाज रोजच्या जगात जवळपास नेहमी बरोबर येतो, आणि फेकलेला दगड अंगावर येताना रंग तपासत बसायला वेळ नसतो. किताओकांच्या सापांना मांजरं पंजा मारतात असं मांजरवाल्यांकडून जमवलेल्या नोंदींमध्ये २०१४ मध्ये दिसलं, त्याच वर्षी मासेही फसतात असं एका प्रयोगात आढळलं. २०१८ मध्ये तर जपानी संशोधकांनी पुढची फ्रेम काय येईल एवढंच ओळखायला शिकवलेलं एआय मॉडेल घेतलं, त्याला साप दाखवले आणि त्यानेही ते फिरतील असं भाकीत केलं. मासा, मांजर, माणूस आणि कॉम्प्युटर सगळे एकाच खड्ड्यात पडत असतील तर तो खड्डा रस्त्याचाच भाग असणार.

याने त्रास होतो का

काहींना होतो, हे गमतीत उडवू नये. दाट काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांनी मायग्रेन असलेल्यांना मळमळ, डोकं धरणं असं होऊ शकतं. उजेड लुकलुकणारा असेल तर फोटोसेन्सिटिव्ह एपिलेप्सी असणाऱ्यांना झटका येऊ शकतो, वेबसाइटसाठीचा आंतरराष्ट्रीय नियमच आहे की मोठ्या भागावर सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा काही चमकवू नका. त्यामुळे असं काही बनवून लोकांना पाठवणार असाल तर आधी एक ओळ लिहा बुवा.

"मला तर काहीच हललेलं दिसत नाही"

तुम्ही एकटे नाही, काही लोकांना साप अजिबात फिरताना दिसत नाहीत आणि वय वाढेल तसा हा भास कमी होत जातो असं २००९ च्या एका अभ्यासात दिसलंय. त्यावरून ताण, स्वभाव, बुद्धी असलं काही काढू नका. पण हार मानायच्या आधी चित्र मोठं करा, स्क्रीनचा ब्राइटनेस वाढवा, आणि ज्या सापाला हलवायचंय त्याच्याकडे न बघता शेजारच्या कोपऱ्याकडे बघा, कारण हे नजरेच्या कडेला जास्त जोरात चालतं. फोन तिरका करून किंवा मान हलवून फार काही मिळणार नाही, ते कार्डासाठी आणि नोटेसाठी. इथे हलणारा तुमचा डोळा आहे, तेव्हा दोन-तीनदा पापण्या मिटून उघडा, एखादी नजर इकडून तिकडे टाका आणि कडेला काय चाललंय ते बघा.